सोनोग्राफीत आधी ग्रेड १, आता ग्रेड २ फॅटी लिव्हर: यातलं खरं काय धरायचं?

बार्शीची_मीनल

नमस्कार. मिस्टरांच्या रिपोर्टबद्दल विचारायचं आहे. त्यांचं वय ४६. बार्शीत आमचं आडतीचं दुकान आहे. सकाळी नऊला गादीवर बसले की माल उतरवताना काय धावपळ होईल तेवढीच, बाकी दिवसभर बैठं काम. दारू नाही, तंबाखू नाही. जेवण घरचंच. पण दुकानात शेतकरी आला की त्याच्याबरोबर चहा होतो, आणि तो गोडमिट्ट असतो.

दिवाळीनंतर त्यांच्या पोटात दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं पित्ताचं निघालं, ते गोळ्यांनी गेलं. पण रिपोर्टात खाली 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असं लिहिलं होतं. आमचे डॉक्टर म्हणाले, चाला, गोड कमी करा. ते खरंच चालायला लागले, दोन किलो वजनही उतरलं. आता मे महिन्यात विम्याच्या तपासणीसाठी दुसऱ्या सेंटरला सोनोग्राफी झाली, तर तिथे 'ग्रेड २'! वजन उतरूनही ग्रेड वाढली कशी? मिस्टर इतके खट्टू झालेत की चालणं बंद करायला निघालेत. म्हणतात, उपयोगच काय.

त्यात सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की लिव्हर खराब होतं ते पिणाऱ्यांचंच. चार दिवस घरात विचित्र शांतता होती. मी अठरा वर्षं बघतेय, या माणसाने कधी बिअरही घेतली नाही.

कुणी म्हणतं सीटी काढा, कुणी म्हणतं एमआरआयशिवाय कळत नाही, नणंदेच्या ओळखीत कुणी फायब्रोस्कॅन केलाय. यातलं आमच्यासाठी काय गरजेचं आहे? जाणकारांनी कृपया सांगावं.

गोदाकाठचा_पक्या

ताई, काही काळजी करू नका. आजकाल सगळ्यांनाच असतं. आमच्या ऑफिसात तपासणी झाली तेव्हा निम्म्या लोकांच्या रिपोर्टात फॅटी लिव्हर होतं, माझ्याही. कोण काय करतंय त्याला! एक ओळखीचे काका गुळवेल आणि पुनर्नव्याचा काढा देतात, लिव्हर साफ होतं म्हणे. हवं तर नंबर व्यनि करतो.

प्रोब_आणि_पडदा

मीनलताई, नमस्कार. मी मिरजेत रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर पोटाच्या सोनोग्राफ्या करतो आणि 'फॅटी लिव्हर' हे शब्द रोज लिहितो. तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण ग्रेड म्हणजे नेमकं काय हे रिपोर्ट हातात देताना क्वचितच कुणी समजावून सांगतं, आणि मग घरोघरी असेच गैरसमज होतात. जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. तुमचे दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ग्रेड १ ची ग्रेड २ झाली एवढ्यावरून आजार वाढला असं म्हणता येत नाही. मिस्टरांना चालणं थांबवू देऊ नका.

सोनोग्राफीत आम्हाला दिसतो तो लिव्हरचा उजळपणा. निरोगी माणसाचं लिव्हर आणि शेजारच्या उजव्या किडनीचा बाहेरचा थर पडद्यावर साधारण सारख्याच करड्या रंगाचे दिसतात. लिव्हरच्या पेशींत चरबीचे थेंब साठले की ध्वनिलहरी त्या थेंबांवर विखुरतात, जास्त प्रमाणात प्रोबकडे (पोटावर फिरवतात त्या उपकरणाकडे) परत येतात आणि लिव्हर किडनीपेक्षा पांढरं दिसू लागतं. शिवाय लहरी अशा वरच्या वर खर्ची पडल्या की खोलवर पोचत नाहीत. पावसाळ्यात आंबा घाटात धुक्यात हेडलाइट लावला तर समोरचं धुकं झगझगतं आणि पुढचं वळण दिसेनासं होतं, तसंच इथे होतं: वरचा भाग लख्ख, मागचा अंधारात.

ग्रेड ठरते ती यावरच. लिव्हर किडनीपेक्षा उजळ आहे, पण आतल्या शिरांच्या पांढऱ्या कडा आणि मागचा श्वासपटल नीट दिसतोय, तर ग्रेड १. शिरांच्या कडा पुसट होऊ लागल्या तर ग्रेड २. कडा गायब, श्वासपटल दिसत नाही, लिव्हरचा मागचा भाग काळोखात गेला, तर ग्रेड ३. 'पुसट' कशाला म्हणायचं आणि 'नीट' कशाला, हे बघणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यावर आहे. यात कुठेही आकडा मोजलेला नसतो. मशीन वेगळं, गेन (चित्राचा उजळपणा) थोडा वाढवलेला, पेशंटने श्वास कमी धरलेला, आतड्यात गॅस, पोटावरचा चरबीचा थर जाड, अशा कशानेही चित्र बदलतं. एवढंच काय, त्याच प्रतिमा त्याच डॉक्टरांना काही काळाने पुन्हा दाखवल्या तरी बऱ्याचदा ग्रेड बदलते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. आणि किडनीलाच आजार असेल तर किडनी स्वतःच पांढरी दिसते, मग तुलनाच फसते. अशा वेळी आम्ही प्लीहेशी ताडून बघतो.

म्हणून दोन सेंटरच्या दोन ग्रेड एकमेकांसमोर ठेवून 'सुधारलं' किंवा 'बिघडलं' असा निकाल लावू नये. याची दुसरी बाजूही सांगतो. लिव्हरमध्ये साधारण २० ते ३० टक्क्यांपेक्षा कमी चरबी असेल तर साध्या सोनोग्राफीत ती बऱ्याचदा निसटते. म्हणजे 'नॉर्मल' रिपोर्टानेही पूर्ण निर्धास्त व्हायचं कारण नाही, विशेषतः मधुमेह असेल तर.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. चरबी साठणं ही पहिली पायरी. काही जणांत त्या चरबीमुळे लिव्हरला सूज येते, आणि सूज वर्षानुवर्षं राहिली की लिव्हरमध्ये चिवट तंतू तयार होतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात. ते वाढत गेलं की सिरॉसिस. पुढे लिव्हर किती त्रास देणार हे प्रामुख्याने या तंतूंवर ठरतं, चरबीच्या प्रमाणावर तितकंसं नाही. आणि सुरुवातीचं, मधलं फायब्रोसिस साध्या सोनोग्राफीत दिसत नाही. ग्रेड ३ असलेल्या माणसाचं लिव्हर मऊ असू शकतं आणि ग्रेड १ वाल्याचं आतून कडक होत चाललेलं असू शकतं. सिरॉसिस पुढे गेल्यावर तर कित्येकदा चरबी कमी होते, म्हणजे आजार वाढलाय आणि ग्रेड उतरलीय असंही घडतं. हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्यामुळे रिपोर्टातल्या ग्रेडवर थांबू नका, बाकीच्या ओळी वाचा. लिव्हरचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत? प्लीहा वाढलीय का? पोर्टल व्हेनची, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेची रुंदी किती? पोटात पाणी आहे का? पित्ताशयात खडे? हे सगळं नॉर्मल असेल तर पुढे गेलेल्या सिरॉसिसची ठळक लक्षणं नाहीत एवढं कळतं. मधल्या टप्प्याबद्दल मात्र वेगळी मोजणी लागते, त्यावर पुढे लिहितो.

सासूबाईंना माझ्याकडून जरूर सांगा: चरबी दारूने आली की साखरेने, हे सोनोग्राफीत दिसत नाही. सीटीत नाही आणि एमआरआयतही नाही. पडद्यावर दोन्ही सारखीच. दारूचा आजार आहे की नाही हे माणसाला विचारूनच ठरवावं लागतं. चयापचयातल्या बिघाडामुळे येणाऱ्या फॅटी लिव्हरच्या नावात पूर्वी 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द होता. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी मिळून ते नाव बदललं, आता त्याला 'एमएएसएलडी' म्हणतात. आजाराच्या नावातून रुग्णाला डाग लागू नये हा त्यामागचा एक हेतू होता.

दुसरं, वजन फार नसतानाही आपल्याकडे हे का होतं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं यावर मोठं काम आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्या लोकांची चरबी पोटात साठते, काट्यावर ती कळत नाही. म्हणून मिस्टरांच्या कमरेचं माप घ्या. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेलं की सावध व्हायचं.

पक्यादादा, 'सगळ्यांनाच असतं' हे खरं आहे, पण म्हणून सोडून द्यायचं हे मला पटत नाही. ज्यांना आहे त्यांतल्या बहुतेकांचं लिव्हर ठीक राहतं, काहींचं राहत नाही. ते 'काही' कोण हे वेळेत शोधायचं, एवढ्यासाठीच या तपासण्या आहेत. काढ्याबद्दल कळकळीची विनंती: लिव्हर 'साफ' करायला काहीही सुरू करू नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत लिव्हरला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. पण ज्याचं लिव्हर आधीच नाजूक आहे त्याने तो धोका कशाला पत्करायचा?

ताई, रक्ताचे आकडे द्या: एसजीओटी आणि एसजीपीटी (लिव्हरची दोन एन्झाइम्स), प्लेटलेट, साखर.

बार्शीची_मीनल

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, त्यांनीही ऐकला. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी स्वतःच 'उद्यापासून त्याच्या चहात साखर नको' म्हणाल्या.

आकडे असे: एसजीओटी ४८, एसजीपीटी ६२, प्लेटलेट २ लाख १० हजार, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३. उंची १६८, वजन ७१. कंबर मोजली, ९८ भरली! दिसायला ते अजिबात जाड नाहीत हो. रिपोर्टात 'पृष्ठभाग गुळगुळीत, प्लीहा नॉर्मल, पोटात पाणी नाही' असं दोन्हीकडे आहे. आता पुढे काय करू? सरळ एमआरआय केला तर सगळं एकदम कळेल ना?

प्रोब_आणि_पडदा

प्लीहा आणि पृष्ठभाग दोन्हीकडे नॉर्मल, हे चांगलं.

एमआरआयच्या आधी एक साधं गणित आहे, त्याला फिब-४ म्हणतात. पैसे लागत नाहीत, हातातले रिपोर्ट पुरतात. वय गुणिले एसजीओटी करायचं. त्याला प्लेटलेट हजारात धरून आणि एसजीपीटीचं वर्गमूळ, या दोघांच्या गुणाकाराने भागायचं. तुमच्या बाबतीत ४६ गुणिले ४८ म्हणजे २२०८. खाली २१० गुणिले ७.८७, म्हणजे १६५३ च्या आसपास. उत्तर १.३४. आकडा १.३ च्या आत असेल तर पुढे गेलेल्या फायब्रोसिसची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांना लगेच भेटायचं. मधे असेल तर पुढची तपासणी. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, कारण सूत्रात वय आहे आणि नुसत्या वयानेच आकडा चढतो. तरुणांत, पस्तिशीच्या आत, हे गणित फारसं भरवशाचं नाही.

मिस्टर सीमेच्या किंचित वर आहेत आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. म्हणून फायब्रोस्कॅन जरूर करा असं मी सुचवेन. त्याची माहिती देतो, म्हणजे तिथे गेल्यावर काय विचारायचं ते कळेल.

उताणं झोपवून उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात. बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवतात. प्रोब त्वचेवर हलकी टिचकी मारतो, दुखत नाही. त्या टिचकीची लहर लिव्हरमधून पुढे जाते आणि तिचा वेग अल्ट्रासाउंडने मोजतात. लिव्हर जितकं कडक तितकी लहर जलद. त्यावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये मिळतो. चरबीचा आकडा वेगळा येतो, त्याला कॅप म्हणतात, तो डेसिबल प्रति मीटरमध्ये. सोनोग्राफीत ज्या कारणाने मला लिव्हरचा मागचा भाग दिसत नाही, लहरींची तीच झीज इथे आकड्यात मोजली जाते. म्हणजे 'पुसट की नीट' हा डोळ्याचा अंदाज राहत नाही.

रिपोर्टात तीन गोष्टी बघा. एक, किमान दहा योग्य मोजण्या झाल्या का. दोन, 'आयक्यूआर बाय मेडियन' ३० टक्क्यांच्या आत आहे का. नसेल तर मोजण्या आपसात जुळत नाहीत, तो आकडा धरू नये. तीन, प्रोब कोणता वापरला. पोटाचा घेर मोठा असेल तर एक्सएल प्रोब लागतो, तो सगळीकडे नसतो, आधी फोन करून विचारा.

जायच्या आधी किमान तीन तास काही खायचं नाही. हे फार लोक पाळत नाहीत. जेवल्यावर लिव्हरकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा खोटाच चढतो. तसंच कावीळ चालू असेल, पित्तनळी तुंबलेली असेल, हृदय कमजोर असल्यामुळे लिव्हरमध्ये रक्त साचलेलं असेल, तरी आकडा फुगतो. पोटात पाणी असेल तर मोजताच येत नाही.

साधारण ८ किलोपास्कलच्या आत आलं तर पुढे गेलेलं फायब्रोसिस नाही असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. ८ ते १२ मध्ये आलं किंवा त्याच्या वर गेलं तर यकृततज्ज्ञ ठरवतील. सुईने तुकडा काढायची वेळ आता थोड्यांवरच येते. त्या तुकड्यात साऱ्या लिव्हरचा जेमतेम पन्नास हजारावा भाग असतो, त्यामुळे बायोप्सीलाही मर्यादा आहेतच.

चुंबकाजवळ

मी पुण्यात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. एमआरआयचा विषय निघालाय म्हणून थोडी भर घालते.

चरबी मोजण्यात एमआरआय सगळ्यात अचूक, यात शंका नाही. त्या पद्धतीचं नाव पीडीएफएफ. पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे अणू चुंबकात किंचित वेगळ्या गतीने फिरतात. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये हा फरक सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांचा. त्यामुळे काही क्षणी दोघांचे सिग्नल एकमेकांत मिळतात, काही क्षणी एकमेकांना खोडतात. वेगवेगळ्या क्षणांचे सिग्नल घेऊन पाणी किती, चरबी किती हे वेगळं काढता येतं. या कल्पनेचा पाया डिक्सन यांनी १९८४ मध्ये घातला. निरोगी लिव्हरमध्ये चरबी साधारण ५ टक्क्यांच्या आत असते. सोनोग्राफीतून निसटणारी ८-१० टक्के चरबीही यात आकड्यात येते. इंजेक्शन लागत नाही. त्या भागासाठी श्वास जेमतेम वीसेक सेकंद धरायचा.

पण ताई, तुमच्या कामाचं सांगते: चरबी किती हे यातून कळेल, लिव्हर कडक झालंय का हे पीडीएफएफमधून कळत नाही. त्यासाठी एमआर इलास्टोग्राफी वेगळी करावी लागते, तिचं कंपन देणारं उपकरण फार थोड्या ठिकाणी असतं. शिवाय 'पोटाचा एमआरआय' एवढंच लिहून आणलं तर पीडीएफएफ होईलच असंही नाही. आमच्याकडे असे पेशंट येतात, खर्च करून जातात आणि हवा तो आकडाच रिपोर्टात नसतो. ज्यांना करायचाच आहे त्यांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावं आणि सेंटरला आधी विचारावं. नवीन औषधांच्या चाचण्यांत किंवा अवयवदात्याच्या तपासणीत याचा खरा उपयोग.

मुतखडेग्रस्त_अकोला

धागा वाचून जुनी फाइल काढली. गेल्या उन्हाळ्यात मुतखड्यासाठी साधी सीटी झाली होती, इंजेक्शन न देता. तिच्यात खाली लिहिलंय 'लिव्हर ३६ एचयू, प्लीहा ५० एचयू'. शिवाय 'पित्ताशयाजवळ फोकल फॅट स्पेअरिंग' असंही आहे. खड्याच्या नादात कुणी हे बघितलंच नाही, मीही नाही. हे गाठीसारखं काही आहे का? रात्री झोप लागली नाही.

प्रोब_आणि_पडदा

शांत व्हा, ही गाठ नाही. लिव्हरभर चरबी आहे, पण पित्ताशयाजवळच्या एका छोट्या पट्ट्यात ती साठलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथला रक्तपुरवठा थोडा वेगळा असतो, म्हणून तो भाग सुटतो. सोनोग्राफीत तो उजळ लिव्हरमध्ये काळसर डागासारखा दिसतो आणि लोक घाबरतात. उलटही होतं: नॉर्मल लिव्हरमध्ये एकाच ठिकाणी चरबी साठते. जागा आणि आकार बघून बहुतेक वेळा ओळखू येतं. शंका राहिली तरच एमआरआय.

सीटीचे आकडे मात्र बोलके आहेत. एचयू हे सीटीतलं घनतेचं माप. इंजेक्शनशिवायच्या सीटीत निरोगी लिव्हर ५० ते ६५ च्या आसपास असतं आणि प्लीहेपेक्षा थोडं जास्तच उजळ. चरबीने घनता उतरते. ४० च्या खाली गेलं किंवा प्लीहेपेक्षा १० ने कमी झालं की चरबी चांगलीच आहे असं समजतात. तुमच्यात दोन्ही आहे. इंजेक्शन दिलेल्या सीटीत ही तुलना फसते, तुमची साधी होती म्हणून आकडे धरता येतात. पण केवळ फॅटी लिव्हर बघायला सीटी करू नये. किरणोत्सर्ग आहे आणि कमी चरबी तिच्यातही दिसत नाही. दुसऱ्या कारणाने झालीच असेल तर ती ओळ मात्र वाया घालवू नये. साखर, एसजीपीटी, प्लेटलेट तपासा आणि वर दिलेलं गणित करा.

बार्शीची_मीनल

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. मधे शाळा सुरू झाली आणि मुलीचा अकरावीचा प्रवेश होता.

सोलापूरला जाऊन फायब्रोस्कॅन केला. सकाळी उपाशीच गेलो. कडकपणा ६.४ किलोपास्कल, आयक्यूआर १४ टक्के, दहा मोजण्या, एम प्रोब. कॅप २९२. तिथल्या मॅडम म्हणाल्या, चरबी बरीच आहे, पण लिव्हर मऊ आहे. मिस्टरांनी टेबलावरूनच मला अंगठा दाखवला. गोळी कुठलीच दिली नाही, साखर आणि वजनाकडे बघा म्हणाल्या. कॅपवरून त्यांनी 'एस ३' लिहिलंय. पुन्हा ग्रेड! हे ग्रेड ३ म्हणजे का?

आणखी एक. माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांना हे सांगितलं तर सगळ्यांनाच तपासून घ्यायचंय. एखादं सेंटर मशीन घेऊन शाळेत शिबिर करेल का?

प्रोब_आणि_पडदा

६.४ वाचून फार आनंद झाला. आयक्यूआरही चांगला, तो आकडा धरायला हरकत नाही.

कॅपच्या 'एस'ची आणि सोनोग्राफीच्या ग्रेडची गल्लत करू नका. कॅपची पट्टी १०० ते ४०० पर्यंत असते. २७५ च्या वर चरबी नक्की आहे असं म्हणतात. त्यापुढचे एस १, एस २, एस ३ यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की थोड्याशा फरकाने माणूस एका खान्यातून दुसऱ्यात जातो. तुम्ही फक्त २९२ लक्षात ठेवा आणि पुढची मोजणी जमलं तर त्याच सेंटरला, तशीच उपाशी पोटी करा. मिस्टरांच्या साखरेकडे बघता वर्ष-दोन वर्षांनी फिब-४ आणि गरज पडली तर फायब्रोस्कॅन.

वजनाबद्दल नेमकं सांगतो, कारण 'वजन कमी करा' हे वाक्य ऐकून माणूस कंटाळतो. ७१ किलोतले साडेतीन किलो, म्हणजे ५ टक्के उतरले तर लिव्हरची चरबी कमी होऊ लागते. ७ टक्के, म्हणजे पाच किलो उतरले तर सूज ओसरण्याची चांगली शक्यता. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर बऱ्याच जणांत तंतूही कमी झालेले दिसले आहेत. मिस्टरांचे दोन किलो आधीच उतरलेत, तीही कमाई आहे. त्या मे महिन्याच्या 'ग्रेड २' ने ती पुसली जात नाही.

शाळेतल्या शिबिराचं: सोनोग्राफी मशीन कुठेही नेता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या १९९४ च्या कायद्याखाली मशीन आणि जागा दोन्ही नोंदलेल्या असतात, आणि फिरत्या मशीनवर कडक बंधनं आहेत. ती असायलाच हवीत, आपल्या राज्याने मुलींचं घटतं प्रमाण पाहिलेलं आहे. तुमच्या शिबिराला तशी गरजही नाही. सगळ्यांची कमर मोजा. ज्यांची बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा घरात आहे, त्यांचं रक्त तपासायला द्या: एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, साखर. फिब-४ तुमच्या गणिताच्या शिक्षकांकडून काढून घ्या. ज्यांचा आकडा वर येईल त्यांनाच सोलापूरला पाठवा. पन्नास जणांची सोनोग्राफी करून पन्नास ग्रेड गोळा करण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी.

बार्शीची_मीनल

गणिताचे सर तयार आहेत, मोजपट्टी शिवणाच्या बाईंकडून घेतली. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यानंतर स्टाफरूममध्येच करतोय. पासष्टीच्या पुढचं आमच्यात कुणी नाही, पण दोन शिपाई मामा निवृत्त झालेत, त्यांनाही बोलावलंय. त्यांच्यासाठी खालची मर्यादा २ धरायची ना, एवढं सांगा.

प्रोब_आणि_पडदा

हो, पासष्टी ओलांडली असेल तर २. आणि प्लेटलेट हजारातच धरा, लाखात धरून गणित केलं तर उत्तर भलतंच येईल.